नमुन्याबरहुकूम साडभाऊ

उद्या प्रत्यक्ष महादेव माझ्या साडभाऊंसमोर उभा राहिला आणि ‘वर माग’ म्हणाला, तर साडभाऊ वर वगैरे काही मागणार नाहीत. ते त्याच्या दंडाला धरून त्याला आधी उन्हात नेतील, गळ्याचा निळा नीट पाहून घेतील आणि ‘जरासे थांबता का जी, डबा घेऊन येतो’ म्हणत घरात पळतील. साडभाऊ म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे यजमान. पुण्याकडे या नात्याला साडू म्हणतात आणि सणावारी निभावतात. आमच्या झाडीपट्टीत, म्हणजे पूर्व विदर्भात, साडभाऊ म्हणतात आणि बारा महिने भोगतात. वडशाला, एका राइस मिलच्या अगदी समोर, त्यांचं पोस्टरं डिझाइन करायचं दुकान होतं आणि दुकानाच्या मागे घर. संगणकाच्या पडद्यावर जो रंग दिसतो तोच कागदावर उतरला पाहिजे, एवढी एकच मागणी या माणसानं आयुष्याकडे केली. ऐकायला साधी वाटते. पण तिच्यापायी त्यांनी नाटक कंपन्या, नागपूरचे छापखाने, समोरचे मिलवाले शेठ आणि त्यांची बायको म्हणजे माझी आकडसासू, या सगळ्यांना सारखंच हैराण केलं, आणि शेवटी पोटच्या पोरीचं जमत आलेलं लग्न पणाला लावलं.

तसे ते मूळचे पेंटर. वडसा ते ब्रह्मपुरी रस्त्यावरच्या निम्म्या पाट्या त्यांच्या हातच्या, आणि उरलेल्या निम्म्यांना त्यांनी जाता-येता नावं ठेवलेली. आमच्याकडे दिवाळी झाली की नाटकांचा हंगाम सुरू होतो. धान घरात आलेलं असतं, माणसांना रात्रभर जागायला निमित्त हवं असतं आणि नाटकवाल्यांना भिंतीभिंतीवर पोस्टर हवं असतं. ब्रश होता तोवर साडभाऊ सुखी होते. डब्यातला लाल भिंतीवरही लालच राहायचा. मग नव्वदीच्या शेवटाला कधीतरी वडशात संगणक आला. साडभाऊंनी ब्रश रॉकेलमध्ये बुडवून ठेवले ते ठेवलेच, आणि त्या दिवसापासून त्यांच्या तळपायाला भोवरा लागला. पडद्यावर नायिकेचा शालू डाळिंबी दिसायचा आणि नागपूरहून छापून यायचा तो वांग्याच्या भरतासारखा. ‘मास्तर,’ ते मला म्हणायचे, कारण मी ब्रह्मपुरीच्या शाळेत चित्रकला सोडून बाकी सगळं शिकवायचो, ‘पडदा उजेडानं रंगवते आन छापखाना शाईनं. उजेड आन शाई म्हनजे दोन सवती. एकीनं हो म्हटलं का दुसरी नाई म्हनते. आन मी मधात.’ हे सगळं ते उभ्याउभ्या, एक पाय उंबऱ्यात ठेवून सांगायचे. साडभाऊंना बसलेलं कोणी पाहिलेलं नव्हतं. जेवताना ते उकिडवे असायचे, म्हणजे उठायला सोपं. त्यांच्या लग्नाच्या फोटोतसुद्धा आकडसासू खुर्चीत ठामपणे बसलेली आहे आणि हे शेजारच्या खुर्चीतून अर्धे उठलेले आहेत.

त्यांच्याकडे बिस्किटांचा एक जुना पत्र्याचा डबा होता. ब्रह्मदेवाला सृष्टी पुन्हा रंगवायची वेळ आली तर त्यानं वडशाला येऊन तो डबा उसना घ्यावा, असा. त्यात हळकुंड होतं, कुंकवाची पुडी होती, चंद्रपूरच्या खाणीतला कोळशाचा खडा होता, विटेचा तुकडा, तेंदूचं पान, निळकंठ पक्ष्याचं पडलेलं पीस, आणि वडसा परिसरातल्या यच्चयावत शालूंच्या चिंध्या होत्या. पडद्यावर रंग केला की डबा उघडायचा, खरी वस्तू पडद्याला लावायची, आणि मग छापलेला कागद आला की तीच वस्तू कागदाला लावायची. याला ते ‘नमुन्याशी लावून पाहनं’ म्हणत. नमुन्याशिवाय त्यांनी कधी कुठल्या रंगाला बरोबर म्हटलं नाही. ‘ध्यानात असलेला रंग खोटा असते मास्तर,’ ते म्हणायचे. ‘मानसाच्या ध्यानात लाल जास्तच लाल राह्यते.’ नमुने दरवर्षी ताजे करावे लागत. फाल्गुनात आम्ही एकदा एसटीनं चाललो होतो, तर आरमोरीच्या अलीकडे यांनी पळस फुललेला पाहिला आणि कंडक्टरच्या हाताआधी स्वतःच घंटी मारली. गाडी थांबली, हे उतरले, फुलं घेऊन परत आले. कंडक्टरनं विचारलं, ‘बाई बाळंत झाली का जी, एवढी घाई?’ साडभाऊ शांतपणे म्हणाले, ‘मागचा पळस म्हातारा झाला.’ गाडीतल्या लोकांनी हे कुणा म्हाताऱ्याबद्दल आहे असं समजून हळहळ व्यक्त केली.

दुकानाच्या भिंती त्यांनी राखेच्या रंगाच्या केल्या होत्या, छत राखेचं, टेबल राखेचं. स्वतःही राखाडीच सदरा घालायचे, कारण रंगीत सदऱ्याची झाक पडद्यावर पडते. दुरून पाहिलं तर दुकानात फक्त मिशा आणि चष्मा इकडून तिकडे फिरताना दिसे. गिऱ्हाइकांसाठी दारात खुंटीला राखाडी चादर टांगलेली होती. रंगीत कपड्यात आलात तर ती पांघरूनच आत यायचं. एकदा एका कंपनीची मुख्य नटी स्वतःचं पोस्टर पाहायला पोपटी साडी नेसून आली. नागपूरहून आलेली, रुबाबदार बाई. तिनं चादर पांघरायला नकार दिला. साडभाऊ तिला हात जोडून म्हणाले, ‘बाई, तुमी साक्षात लक्ष्मी आहा. पन तुमच्या साडीनं माह्या पडद्यावर धानाची हिरवी रोवणी झाली आहे. थोडं बाहेर बसा.’ ती बाई बाहेर बाकावर बसली, खिडकीतून तिनं पोस्टर पाहिलं, आणि गेली ती ‘या माणसाकडेच माझा फोटो द्यायचा’ असं मालकाला बजावून. का, ते तिलाच ठाऊक. मला वाटतं, तिला तोवर सगळ्यांनी जवळच बसायला सांगितलं होतं.

पण साडभाऊंचा खरा वैरी समोर राहायचा. समोरची राइस मिल सुरू झाली की आळीतलं व्होल्टेज धाडकन खाली यायचं. पडदा चारही बाजूंनी आक्रसायचा, पांढरा पिवळट व्हायचा आणि लाल विटकरी. एका हंगामात साडभाऊंनी पडद्याची बटणं पिळून पिळून सगळे रंग अगदी नमुन्याबरहुकूम लावले, पण मिल चालू असताना. सोमवारी मिल बंद राहिली, व्होल्टेज चढलं, आणि यांनी त्याच नायिकेचं दुसरं पोस्टर केलं. पहिल्या पोस्टरात बाई गुलाबाची, दुसऱ्यात बाई जास्वंदीची. कंपनीकडे दोन नट्या आहेत असं समजून कुरखेड्याच्या लोकांनी दोन्ही रात्री तिकिटं काढली. मालक खूश झाला. साडभाऊंना मात्र ताप आला. त्यानंतर महत्त्वाचा रंग पाहायचा असला की ते रस्ता ओलांडून मिलमध्ये जायचे आणि शेठना म्हणायचे, ‘शेठ, जरासी मिल थांबवा ना. शालू पाहाचा आहे.’ शेठ म्हणायचे, ‘भाऊ, तुमचा शालू दिसाव म्हनून गावानं सालीसकट भात खावा का?’ पण थांबवायचे. एवढं वर्षानुवर्षं विनवणारा माणूस खोटा असू शकत नाही, असं काहीतरी त्यांना वाटत असावं. मिल थांबली की हे धावत रस्ता ओलांडून पडद्यासमोर, तिथून छापलेला कागद घेऊन अंगणात, अंगणातून परत पडद्याकडे. त्या ये-जा करण्यात त्यांनी झिजवलेल्या चपलांचा रस्ता केला तर तो थेट सिरोंच्याला पोचला असता.

आणि ते महादेवाचं प्रकरण. मार्कंड्याच्या जत्रेसाठी एका पौराणिक नाटकाचं पोस्टर होतं. छापखान्यानं घाई केली आणि महादेवाचा गळा निळ्याऐवजी पिकल्या जांभळासारखा आला. पोस्टरं चिकटवूनही झाली होती. दुसरा कोणी असता तर म्हणाला असता, जाऊ द्या. साडभाऊंनी रॉकेलमधून ब्रश बाहेर काढला, निळ्या रंगाचा डबा आणि निळकंठाचं पीस घेतलं आणि एसटीनं निघाले. भिंत दिसली की उतरायचं, पीस लावून पाहायचं, महादेवाला निळं करायचं, मागच्या गाडीनं पुढे. चामोर्शीपर्यंत त्यांनी सगळे महादेव दुरुस्त केले. एका पानठेल्यावाल्यानं सांगितलं, ‘भाऊ, दोन दिवसांपासून जांभळाच होता. आमची काई तक्रार नव्हती.’ साडभाऊ म्हणाले, ‘तुमची नसन. त्याची असन ना.’

अशा माणसाच्या घरी मंजू जन्माला आली. साडभाऊंची एकुलती एक. सावळी, तरतरीत, जिभेला धार असलेली पोरगी. डीएड करत होती आणि बापाला घरात तीच एकटी आवरू शकायची. तिचा रंग कसा, हे मी सांगू नये. साडभाऊंना एकदा विचारलं तर ते गडबडले, चष्मा पुसला आणि म्हणाले, ‘नवा गूळ असते ना, कढईतून काढल्यावर जरासा थंडावलेला. पन त्याच्यावर उजेड पायजे.’ मग लाजून बाहेर निघून गेले.

आता आमच्याकडे लग्नाच्या पोरीचा फोटो काढायची एक रीत आहे. स्टुडिओवाला पोरीला पावडरीत बुडवतो, दिवे मारतो, आणि संगणक आल्यापासून तर घरी पाठवल्यावर निवांत बसून तिला उजळवत नेतो. आकडसासूनं, म्हणजे आमच्या बाईंनी, आरमोरीच्या एका स्टुडिओत मंजूचा असा फोटो काढून आणला होता आणि नवऱ्यापासून लपवून पाहुण्यांना पाठवत होत्या. दोनदा पाहुणे आले. दोन्हीदा त्यांनी चहा पिता पिता फोटो पाहिला, मंजू पाहिली, पुन्हा फोटो पाहिला, आणि ‘कळवतो’ म्हणून गेले. कळवलं कोणीच नाही. दुसऱ्या पाहुण्यांनंतर मंजू मला म्हणाली, ‘मावसाजी, मी आत आली का ते दाराकडं पाहतात. त्यांना वाटते फोटोतली अजून यायची आहे.’ हसत म्हणाली, पण त्यानंतर काही दिवस तिनं आरशात न पाहता वेणी घातली, हे माझ्या बायकोनं मला सांगितलं.

मग तिसरं स्थळ आलं. कुरखेड्याचं, बाप धानाचा दलाल, पोरगा वनरक्षक. फोटो पसंत आहे, मंडईला आलो की पोरगी पाहतो, असा निरोप पोराच्या फोटोसकट माझ्याकडे आला. दिवाळीनंतर आमच्याकडे गावोगावी मंडई भरते. दिवसा बाजार, रात्री नाटक, आणि मधल्या वेळात सोयरिकी. साडभाऊंनी निरोप ऐकला आणि विचारलं, ‘फोटो पसंत आहे? कोन्ता फोटो?’ बाईंना दाखवावा लागला. साडभाऊंनी तो अंगणात नेला, उन्हात धरला, बराच वेळ पाहिला.

‘ही कोन?’

‘कोन म्हनजे? तुमची पोट्टी.’

‘माह्या पोट्टीले कोनं पुसलं?’

बाई चिडल्या. ‘अजी, सगळेच करतात. जग पोरीचा फोटो उजळते. तुमी लोकांच्या नट्या रंगवता ना रातदिवस?’

‘नटीची साडी जशी आहे तशी येवाव म्हनून मरतो मी,’ साडभाऊ म्हणाले. ‘प्रूफ एक दाखवाचं आन माल दुसरा पाठवाचा. म्हनून वापस गेले ते लोक. पोट्टीत काई खोट नाई. प्रूफ चुकलं आहे.’

आणि त्यांनी जाहीर केलं की पाहुण्यांना मंजूचा खरा फोटो दिला जाईल. बाईंनी कपाळावर हात मारला, माझ्या बायकोला बोलावलं, बायकोनं मला पाठवलं. तिसरंही स्थळ गेलं तर पोरीचं मन मोडेल, नीट समजावून सांगा, अशी कामगिरी. मी गेलो तेव्हा मंजू अंगणात पुस्तक वाचत उभी होती आणि साडभाऊ तिच्या गालाजवळ एक कागद धरून डोळे बारीक करत होते. घरच्या प्रिंटरवर तिचा फोटो छापायचा, पळत आणायचा, तिच्याशी लावायचा, मान हलवायची, पळत आत जायचं. सगळा संसार पळापळीचा. डाळिंबी शालू, निळा महादेव, पळस या सगळ्यांना सरळ करणारा हा माणूस पोरीच्या एका गालापुढे हरला होता. एका कागदात ती उन्हातून आल्यासारखी लाल, एकात कावीळ झाल्यासारखी पिवळी, एकात तर चक्क हिरवट. ‘मजेंटा एक टिपका कमी करतो,’ म्हणायचे आणि आत. मजेंटा म्हणजे त्यांच्या भाषेत तो गुलाबी लाल, ज्याच्या नावानं ते देवापेक्षा जास्त वेळा बोटं मोडत. मिलवाल्या शेठनी मंजूसाठी म्हणून न सांगता मिल थांबवली, तरी जमेना.

‘बाबा, मी का पोस्टर आहो का?’ मंजू पुस्तकातून डोकं वर न काढता म्हणाली.

‘पोस्टर असती त कवाच झालं असतं,’ साडभाऊ म्हणाले.

समजावायला गेलेला मी, दुसऱ्या दिवशी त्या दोघांबरोबर बल्लारशाच्या गाडीत बसलेलो होतो. चंद्रपूरला जटपुरा गेटजवळ एका लॅबमध्ये मोठं फोटो छापायचं यंत्र आलं होतं. साडभाऊंनी संगणकातला फोटो सीडीवर घेतला होता, आणि मंजूला कशाला नेता असं बाईंनी विचारल्यावर म्हणाले होते, ‘नमुना सोबत पायजे.’ गाडीत सगळे बसले होते, साडभाऊ चांदा फोर्टपर्यंत, म्हणजे चंद्रपूर येईपर्यंत, दारात उभे.

लॅबवाल्या पोरानं पहिला फोटो काढला तो गोरापान. साडभाऊंनी त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, ‘काका, मशीनच करते. चेहरा दिसला का ॲटोमॅटिक उजळवते.’

‘मंग मशीनले सांगा का पोट्टी इथीच उभी आहे म्हना.’

त्यांनी मंजूला काउंटरशी उभं केलं. पोरानं तिच्याकडे पाहिलं, यंत्राकडे पाहिलं, घाम पुसला आणि यंत्राची ती सवय कुठूनतरी बंद केली. मग सुरू झालं. फोटो निघाला की साडभाऊ मंजूला घेऊन दुकानाबाहेर, भर रस्त्यात, उन्हात. कागद गालाशी. आत. पुन्हा बाहेर. चंद्रपूर हे गोंड राजांच्या राजधानीचं गाव, तिथे लोकांना वेळ असतो. थोड्याच वेळात आमच्याभोवती कोंडाळं झालं. एक ऑटोवाला म्हणाला, ‘मघाचा बरा होता.’ भाजी घेऊन चाललेली एक बाई थांबली आणि म्हणाली, ‘नाई, मघाचा लालसर होता. हा पाहा, हा जुळते.’ यावर ऑटोवाल्याचं आणि तिचं थोडं वाजलं. आणि मग एक कागद असा निघाला की साडभाऊंनी तो मंजूच्या गालाला लावला आणि ते आत पळालेच नाहीत. कागद कुठे संपतो आणि पोरगी कुठे सुरू होते ते कळेना. साडभाऊंनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. ‘चला,’ म्हणाले. चुकलेले सगळे कागदही त्यांनी गोळा करून पिशवीत घातले. रंगाचा कागद टाकत नसतात.

मंडईच्या दिवशी पाहुणे आले. बाईंनी मला उकिडव्या बसलेल्या साडभाऊंच्या शेजारी बसवलं आणि कानात सांगितलं, ‘हे उठले का सदरा ओढा.’ समोर मिल पूर्ण जोरात, त्यामुळे बैठकीतली ट्यूबलाइट लिंबाच्या सरबतासारखी. पोराची आई पर्समधून तो उजळलेला फोटो काढून मांडीवर ठेवून होती. मंजू पोहे घेऊन आली. आईनं मंजूकडे पाहिलं, मग फोटोकडे, आणि मी पाहिलं, ती दाराकडे बघू लागली. बाईंचा चेहरा उतरला. साडभाऊंचं लक्ष खिडकीतून सूर्याकडे. ऊन कौलांवर चढत चाललेलं. मी सदरा गच्च धरला. सदऱ्याचं बटण माझ्या हातात राहिलं आणि साडभाऊ उभे होते.

‘जरा बाहेर येता का जी सगळे? ऊन चाललं.’

पाहुण्यांना वाटलं घराला काही झालं. सगळे पोह्याच्या बशांसकट अंगणात. साडभाऊंनी सदऱ्याच्या आतून दोन पुठ्ठ्यांमध्ये जपलेला फोटो काढला आणि पोराच्या बापाला दिला. ‘तुमच्याकडं आहे तो चुकला आहे. हा बरोबर आहे. हा पाहून सांगा. नाई म्हटलं तरी चालन, पन हा पाहून म्हना.’

पोराचा बाप धानाचा दलाल. आयुष्यभर तळहातावर दाणे घेऊन उन्हात नेऊन पाहिलेले. सवयीनं तो फोटो घेऊन दोन पावलं उन्हात सरकला, वाकडा केला, सरळ केला, मंजूकडे पाहिलं. पोराची आई म्हणाली, ‘आमाले तं दुसराच फोटो आला होता.’ तिच्या आवाजात ते ‘कळवतो’ यायला लागलं होतं.

तेवढ्यात मंजूनं बशी खाली ठेवली. ‘मावसाजी, यांचा फोटो तुमच्या खिशात आहे ना? द्या.’ पोराचा फोटो मध्यस्थ म्हणून माझ्याकडेच होता. तिनं तो घेतला आणि सरळ त्या पोरासमोर धरला. ‘आता तुमीबी गालाले लावा.’

फोटोतला वनरक्षक सोललेल्या बटाट्यासारखा होता. अंगणातला वनरक्षक तेंदूच्या हंगामातलं सगळं ऊन अंगावर घेतलेला. त्यानं फोटो गालाला लावला. आणि आधी तोच हसला. ‘खरं आहे जी,’ तो म्हणाला. ‘ओळखपत्रावरबी हाच आहे. माह्याच नाक्यावरचे लोक मले अडवतात.’

‘हे आमी नाई केलं,’ त्याची आई घाईनं म्हणाली. ‘त्या आरमोरीच्या फोटोवाल्यानं केलं.’

‘आमचंबी त्यानंच केलं बाई,’ आमच्या बाई म्हणाल्या, आणि दोघी त्या स्टुडिओवाल्याच्या उद्धारात अशा रंगल्या की जन्माच्या विहिणी वाटाव्यात. साडभाऊंचं कुणाकडेच लक्ष नव्हतं. ते पोराचा फोटो उन्हात धरून म्हणत होते, ‘अरे, मजेंटा किती ओतला हा. मी करून देतो तुमचा. उद्या सकाळच्या उन्हात उभे राहा.’ पोराच्या बापानं मंजूचा फोटो पुन्हा पुठ्ठ्यांत नीट ठेवला आणि स्वतःच्या खिशात घातला. ‘हा आमच्याकडं राहू द्या,’ तो म्हणाला. ‘तो दुसरा वापस घ्या.’

असं ते लग्न ठरलं. झाडीपट्टीतल्या कुठल्याही नाटकाचा शेवट इतका वेळेत झालेला नाही. ऊन पुरतं जायच्या आत. लग्नानंतर जावयाची बदली सिरोंच्याकडे झाली, तिकडे तेलुगू चालते, एसटी दिवसभर जंगलातून जाते. मंजूला तिकडे शाळेत लागायचं आहे असं ऐकलं.

मी त्यानंतर बरेच दिवस वडशाला गेलो नव्हतो. गेलो तेव्हा दारातली राखाडी चादर खुंटीलाच होती, मी सवयीनं पांघरली आणि आत शिरलो. साडभाऊ बसलेले होते. खुर्चीत, पाठ टेकवून. मला आधी वाटलं आजारी आहेत. समोरच्या राखेच्या भिंतीवर त्यांनी एक दोरी ताणली होती आणि चिमटे लावून तिच्यावर मंजू टांगल्या होत्या. लाल मंजू, पिवळी मंजू, हिरवट मंजू, चंद्रपूरच्या यंत्राची दुधासारखी मंजू. सगळे चुकलेले.

‘बरोबर होता तो दिला, मास्तर,’ ते म्हणाले. ‘हे राह्यले.’

मी म्हटलं, ‘भाऊ, फोटो तर संगणकात आहे ना. अजून एक काढा बरोबर. चंद्रपूरला जाऊ, मी येतो सोबत.’

त्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जसं मी इतक्या वर्षांत त्यांच्याकडून काहीच शिकलो नव्हतो.

‘कशाशी लावून पाहू?’ ते म्हणाले. ‘नमुना कुठी आहे इथी?’

एवढ्यात समोर शेठनी मिल थांबवली. आळी एकदम शांत झाली, व्होल्टेज चढलं, ट्यूबलाइट पांढरी झाली आणि दोरीवरच्या सगळ्या मंजू एकाएकी उजळून अंगणाकडे पाहू लागल्या. मी साडभाऊ धावतील म्हणून वाट सोडून बाजूला सरकलो. साडभाऊ उठले नाहीत.